आधी चित्र काढा, मग ओटा बांधा

घराचं, दुकानाचं काहीही नवीन करायचं ठरलं की आपण पहिल्यांदा काय करतो, तर मोबाईल उघडून फोटो बघतो. पिंटरेस्टवर पन्नास किचन सेव्ह करायची आणि त्यातलंच एक सुताराला दाखवायचं. मी इंटिरिअरची छोटी कामं करते, वन बीएचके, टू बीएचके, एखादं क्लिनिक, एखादं दुकान. आता नवीन काम आलं की मी फोटो बघायच्या आधी पाठकोरे कागद आणि पेन घेऊन त्या जागेत जाऊन बसते आणि जे दिसतंय ते काढते. दोन-दोन तास. ही सवय कशी लावायची आणि त्या रेघोट्यांमधून डिझाइन कसं निघतं ते इथे लिहिते. उदाहरण म्हणून माझ्या आईचा सांगलीचा ओटा घेते, कारण तो मी सगळ्यात बारकाईने काढलाय.

"पण मला चित्र काढता येत नाही" हे मी जवळपास प्रत्येकाकडून ऐकते. आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्यात शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट बसलेल्या असतात, मांडून ठेवलेली बादली आणि वांगी, शेडिंग जमलं नाही की सी ग्रेड. ते सगळं बाजूला ठेवा. हे चित्र कुणाला दाखवायचं नाहीये, वाकडी रेघ चालते, लाटण्याचा सोटा झाला तरी चालतो. काढायचं एवढ्यासाठीच की हात चालू असला की डोळ्याला एका जागी थांबावंच लागतं. नुसतं बघितलं तर डोळा "हां, कप आहे" म्हणून दोन सेकंदात पुढे जातो, पण काढायला घेतलं की कपाचा कान वरून किती अंतरावर चिकटलाय हे ठरवल्याशिवाय रेघ पुढे सरकतच नाही.

साहित्यावर पैसे घालवू नका. परीक्षेला न्यायचो ते क्लिपचं पॅड, पाठकोरे कागद, बॉलपेन आणि पाच मीटरचा टेप. पेन्सिलच हवी असेल तर टूबी घ्या, एचबी फिकी पडते. पण मी पेनच सांगेन आणि खोडरबर मुद्दाम घरी ठेवा सांगेन, कारण चुकलेली रेघ कागदावर राहिली की शेजारी बरोबर रेघ येते आणि आपला अंदाज कुठे चुकत होता ते तिथेच दिसतं. कोपऱ्यात तारीख, वेळ आणि जागा लिहायची. हे नंतर फार उपयोगी पडतं.

पहिला व्यायाम, आज रात्रीच करून बघा

घरात आतल्या झाकणाचा कुकर असेल तर तो न बघता, आठवून, त्याचं झाकण वरून कसं दिसतं ते काढा. मग कुकर समोर घ्या आणि बघून काढा. आठवणीतलं झाकण बहुतेक सगळे गोल काढतात. खरं झाकण गोल नसतं, किंचित लंबगोल असतं आणि कुकरचं तोंडही तसंच. बघून काढताना हे लक्षात आलं की पुढचा प्रश्न आपोआप पडतो, लंबगोल का? तर झाकण तोंडापेक्षा मोठं आहे आणि ते आतून बसवायचंय. पूर्ण गोल असतं तर ते आत गेलंच नसतं. लंबगोल असल्यामुळे ते तिरकं करून आत जातं, आत गेल्यावर फिरवून सरळ करायचं आणि मग ते खालून काठाला टेकतं. आतली वाफ जितकी जोरात ढकलेल तितकं ते काठाला घट्ट बसतं, म्हणून वाफ भरलेली असताना ते उघडत नाही. रोज दोनदा हे झाकण लावणाऱ्या माणसाच्या हाताला हे सगळं माहीत असतं पण डोळ्याला माहीत नसतं.

आठवणीतलं चित्र आणि बघून काढलेलं चित्र जिथे वेगळं निघतं ती जागा पेनाने गोल करून ठेवा, तिथेच आपण गृहीत धरत होतो. डिझाइनमध्ये घोळ होतात ते साधारण अशाच जागी होतात, कारण ज्या गोष्टीबद्दल शंका असते ती आपण मोजतो, आणि जी "माहितीच आहे" ती मोजतच नाही.

दुसरा व्यायाम रिकाम्या जागेचा. कप काढू नका, कपाचा कान आणि कप यांच्यामधली पोकळी काढा, फक्त तेवढाच आकार. मग आपली बोटं त्यात घालून परत काढा. एक बोट जातं की दोन, मधलं बोट कुठे टेकतं, गरम कपाला मागची बोटं चिकटतात का. घरातले तीन-चार वेगवेगळे कप असे काढून बघितलेत तर कोणता कप रोज वापरला जातो आणि कोणता शोकेसमध्ये का पडून राहतो ते कळतं. स्वयंपाकघरातही वस्तूंपेक्षा मधल्या जागा जास्त महत्त्वाच्या असतात. फ्रीजचं दार उघडल्यावर मागे किती जागा उरते, ट्रॉली बाहेर ओढल्यावर माणूस कुठे उभा राहतो, याचं मोजमाप कुठल्याच कॅटलॉगमध्ये मिळत नाही, कारण तिथे वस्तूचा फोटो असतो, मधल्या जागेचा नसतो.

चित्राच्या बाजूला काय लिहायचं

नुसतं चित्र अर्धं काम आहे, बाजूला प्रश्न लिहायचे. कसले प्रश्न, याचा मला माहीत असलेला सगळ्यात सुंदर नमुना आपल्या लोट्याचा आहे. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून देशभर फिरलं आणि त्यांनी सरकारला एक रिपोर्ट दिला. त्या रिपोर्टमध्ये त्यांनी आपला साधा लोटा घेतला आणि तो डिझाइन करायला बसलं तर कायकाय विचारावं लागेल याची यादीच केली. त्यात पाणी किती मावावं, बाईच्या, पुरुषाच्या हाताचा आकार आणि ताकद काय, तो हातात न्यायचा की कमरेवर की डोक्यावर, भरलेला असताना आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, पाणी ओतताना धार कशी पडते, घासायला आतून हात जातो का, असं बरंच. त्याच रिपोर्टच्या पायावर १९६१ साली अहमदाबादला एनआयडी, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन, सुरू झालं. म्हणजे या देशातल्या डिझाइनच्या शिक्षणाची सुरुवात एका लोट्याकडे नीट बघण्यातून झाली असं म्हटलं तरी चालेल, आणि मला याचा खरंच अभिमान वाटतो.

तुमच्या प्रत्येक चित्राला हेच करा. बाण काढा आणि लिहा, इथे हात पोचतो का, हे गरम होतं का, हे ओल्या हाताने धरलं जातं का, इथे घाण साठते का, डावखुऱ्या माणसाचं काय. उत्तर लगेच नाही मिळालं तरी चालेल, प्रश्न कागदावर आला पाहिजे.

आता माणूस काढायचा

आता खरं काम सुरू. वस्तू स्थिर असते पण माणूस हलतो, मग काढायचं कसं? एकच चित्र पूर्ण करत बसू नका. एका कागदावर चार-सहा चौकोन पाडा आणि कामाचा एकेक टप्पा एकेका चौकोनात, काडीमाणसं चालतील. चेहरा नको, पण चार गोष्टी मात्र नीट यायला हव्यात, पायाचे तळवे, कंबर, कोपर आणि नजर कुठे आहे. शरीराला होणारा त्रास बहुतेक याच चार ठिकाणी दिसतो.

आणि एक, विचारू नका, बघा. माणसाला "तुला इथे काय त्रास होतो" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. आईला मी विचारलं तर ती म्हणाली, "मला कसला त्रास, अगं सवय झालीय आता." हे खोटं नव्हतं. सवय झालेली असते म्हणूनच ते सांगता येत नाही. बाहेरच्या कुणाचं काढत असाल तर मात्र आधी परवानगी घ्यायची, मी काय काढतेय आणि कशासाठी ते सांगायचं आणि कागद दाखवायचा. पहिली दहा मिनिटं माणूस अवघडलेला असतो, ती चित्रं नंतर फारशी कामाची नसतात. नंतर तो कामात गुंततो आणि मग खरं बघायला मिळतं.

तर आईचा चहा. चार माणसांचा, सकाळी सातचा. मी स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसून पाच दिवस तोच चहा काढला, रोज सहा चौकोन. पातेलं शेगडीवर, साखर, चहा पावडर, आलं किसणं, दूध, आणि शेवटचा चौकोन गाळण्याचा. डाव्या हातात गाळणं, उजव्या हातात सांडशी, सांडशीत पातेल्याचा काठ. दुसऱ्या दिवशी शेवटचा चौकोन काढून झाला आणि मी कागदाकडे बघत बसले, कारण मी आईच्या टाचेखाली जागा सोडली होती. आधी वाटलं हात चुकला. तिसऱ्या दिवशी मी फक्त पायच बघितले. पातेलं उचलताना आई चवड्यांवर उभी राहत होती, उकळता चहा सांडशीत धरून. माझा जन्म त्या घरातला, तो चहा मी हजारो वेळा प्यायले, आणि हे मला कधी दिसलं नव्हतं.

पाच दिवसांचे कागद फरशीवर शेजारी शेजारी लावले तेव्हा अजून एक दिसलं. एक लाकडी पाट. प्रत्येक दिवशी तो वेगळ्या ठिकाणी होता, कधी शेगडीखाली, कधी सिंकपाशी, कधी दाराकडे. आई तो पायाने ओढत होती, मोठा कुकर असला की त्यावर चढत होती, उतरत होती. मी कुठल्याच दिवशी तो पाट महत्त्वाचा म्हणून काढला नव्हता, दिसला म्हणून काढला. म्हणून सांगते, जे बिनमहत्त्वाचं वाटतं तेही काढा, फरशीवर पडलेलं फडकं, खिळ्याला अडकवलेली पिशवी, दाराला लावलेला दगड. माणसाने केलेली अशी जुगाड म्हणजे त्या जागेने न दिलेली सोय असते.

फोटो का नाही काढायचा? काढा ना, मीही काढते, मापं आणि रंग लक्षात राहायला. पण फोटोत टाच, पाट, कॅलेंडर आणि मसाल्याचा डबा सगळं सारखंच येतं आणि तो परत कुणी नीट बघत नाही. टाच उचललेली फोटोतही आली असती, पण ती मला दिसली असती असं वाटत नाही.

मग टेप काढायचा

चित्राने प्रश्न दाखवला की तिथे माप घ्यायचं. सगळ्या खोलीचं नंतर, आधी या जागेचं. आईची उंची ४ फूट ११ इंच, उभी असताना जमिनीपासून कोपर ३७ इंचावर. ओटा ३४ इंच, त्यावर शेगडी ५ इंच, त्यावर चहाचं पातेलं ५ इंच. म्हणजे पातेल्याचा काठ ४४ इंचावर, कोपराच्या तब्बल ७ इंच वर. खांदा उचलल्याशिवाय आणि टाच उचलल्याशिवाय तो हात तिथून आत डोकावत ओतूच शकत नाही. ज्या ठेकेदाराने तो ओटा बांधला त्याने आईला न बघता माप टाकलं होतं, आणि ओट्याची उंची ठरवताना शेगडी आणि भांडं कुणीच त्यात धरलं नव्हतं.

इथे एक साधा हिशोब लक्षात ठेवा. उभ्याने हलकं काम करायचं असेल, चिरणं, निवडणं, तर कामाची जागा कोपराच्या साधारण ४ ते ६ इंच खाली असावी. जोर लावायचं काम असेल, कणिक मळणं, पोळ्या लाटणं, तर अजून खाली, कारण वरून वजन टाकता आलं पाहिजे. म्हणजे एकाच बाईला एकाच ओट्यावर दोन उंच्या लागतात. हे पुस्तकात वाचलं तर डोक्यावरून जातं, लाटताना खांदा कसा वर येतो ते एकदा स्वतः काढलंत की विसरणार नाही.

फेऱ्यांचा नकाशा

आता खोलीचा वरून दिसणारा नकाशा काढा, ढोबळ, फ्रीज, सिंक, शेगडी, डबे, दार. मग माणूस एक काम सुरू करतो तिथपासून संपेपर्यंत पेन न उचलता त्याच्या मागे मागे रेघ ओढत राहायचं. चहाची एक रेघ, पोळीभाजीची दुसऱ्या रंगाची. आईच्या चहाच्या नकाशात शेगडी आणि समोरच्या फडताळामध्ये रेघांचा गुंता झाला होता, कारण साखर-चहा तिकडे, गाळणं सिंकवर आणि कप अजून तिसरीकडे.

ही युक्ती शंभर वर्षं जुनी आहे. अमेरिकेत क्रिस्टीन फ्रेडरिक या घरकामाच्या नियोजनावर लिहिणाऱ्या बाईने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वाईट मांडलेलं आणि नीट मांडलेलं स्वयंपाकघर यांच्यातल्या चालण्याच्या रेघा अशाच शेजारी शेजारी काढून दाखवल्या होत्या. मग १९२६ मध्ये मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्टने फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जे स्वयंपाकघर आखलं ते साधारण १.९ बाय ३.४ मीटरचं, रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या किचनसारखं आटोपशीर, आणि ते सुमारे १०,००० घरांत बसलं. तिने स्वतः तोवर घर चालवलेलं नव्हतं, स्वयंपाकाचा अनुभव नव्हता. दुसऱ्यांचं काम बघून, मोजून तिने ते केलं. मला यातून धीर येतो, कारण मी दवाखान्याचं काम करते तेव्हा मीही कधी डॉक्टर नसते.

पण त्या किचनवर एक टीका कायम होत आली की त्यात एकच माणूस मावतो. आपल्याकडे हे फार जपायला लागतं. म्हणून साध्या दिवसाबरोबर सणाचा दिवसही काढा. गौरी जेवतात त्या दिवशी आई, काकू आणि मी अशा तिघी आत होतो, एक पुरण वाटतेय, एक पोळ्या लाटतेय, एक भाजतेय, आणि त्या दिवसाच्या नकाशात तिघींच्या रेघा फ्रीजसमोर एकमेकींना कापत होत्या. नुसत्या चहाच्या नकाशावर भरवसा ठेवला असता तर मी फ्रीज तिथेच ठेवला असता.

आयडिया येते कुठून

लोकांना वाटतं कल्पना अचानक सुचते. माझा अनुभव असा की ती जुन्या वहीत पडलेली असते. माझ्या वहीत एक वडापावची गाडी होती, पुण्यात बस उशिरा आली तेव्हा उभ्या उभ्या काढलेली. वडेवाल्याची कढई त्याच्या कमरेइतकी खाली, तो वरून तेलात बघतोय, आणि वडे थापायची परात त्याहून बरीच वर. बाजूला मी तेव्हा नुसतं लिहिलं होतं, "कढई खाली का?" आईच्या ओट्यावर अडकले तेव्हा वही चाळताना ते पान समोर आलं आणि उत्तर मिळालं, सगळा ओटा खाली न्यायची गरजच नाही, शेगडीपुरता न्यायचा.

म्हणून काम नसतानाही दिवसाला दहा मिनिटं काढा. एसटी स्टँडवर लोक बॅग कशी धरून बसतात, महात्मा फुले मंडईत उंच गाळ्यावर बसलेली भाजीवाली न उठता कशाकशापर्यंत हात पोचवते, चांभार हत्यारं कुठे ठेवतो. ही माणसं वर्षानुवर्षं एकाच जागेत काम करतात आणि त्यांची मांडणी हळूहळू अंगाच्या मापाची झालेली असते, ती बघायला पैसे लागत नाहीत.

कल्पना सुचली की पहिलीवर थांबू नका. काडेपेटीएवढी छोटी दहा चित्रं काढा, दहाच्या दहा वेगळी. पहिली तीन आपोआप येतात, ती आधी कुठेतरी पाहिलेली असतात. पाचव्या-सहाव्याला डोकं अडतं, तिथे उठू नका, त्यानंतरची थोडी विचित्र असतात पण कामाचं काही निघालं तर त्यातच निघतं. मग त्यातली दोन निवडून खऱ्या मापात करायची, आणि हे कागदावर नाही. फरशीवर खडूने किंवा रांगोळीने नकाशा काढा, फ्रीजच्या खोक्याचे पुठ्ठे उभे करा आणि त्या माणसाला त्यात खरं काम करायला लावा. आम्ही स्टुलावर विटा आणि फळी रचून २८ इंच उंची केली आणि आईने त्यावर खरंच दहा पोळ्या लाटल्या. मग २७ वर, मग २९ वर. तिने २८ घेतलं, कारण विचारलं तर म्हणाली, "इथे हात भरून येत नाही." डब्यांसाठी मी शेगडीवर एक मांडणी काढली होती, कागदावर छान दिसत होती, पुठ्ठा लावल्यावर आईचा हात गरम वाफेच्या वरून जाताना दिसला आणि ती मांडणी तिथेच रद्द झाली. पुठ्ठ्यावर चूक सापडली तर पाच मिनिटं जातात, ग्रॅनाईटवर सापडली तर हजारो रुपये.

शेवटी ओटा ३२ इंच झाला, आणि शेगडी व तिच्या उजवीकडचा दीड फूट भाग २८ इंच, म्हणजे पोळी तिथेच लाटायची आणि तिथूनच तव्यावर टाकायची. पातेल्याचा काठ आता ३८ वर येतो. सिलिंडर रेग्युलेटरसकट खालच्या भागात बसेना, हेही पुठ्ठ्यानेच आधी सांगितलं, तो उंच भागाखाली सरकवला. चहा-साखर शेगडीच्या डाव्या हाताच्या ट्रॉलीत. फ्रीज दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये.

काम झालं की बरेच जण वही बंद करतात. तसं करू नका, चार-सहा महिन्यांनी त्याच स्टुलावर बसून तोच चहा परत काढा. मी काढला. टाचा जमिनीवर होत्या, पाट कुठेच नव्हता. पण तीन दिवसांच्या तिन्ही चित्रांत जिथे ३२ चा ओटा २८ ला उतरतो त्या पायरीवर एक फडकं घडी करून ठेवलेलं आलं. वरच्या भागावरचं पाणी ओघळून शेगडीकडे येत होतं आणि आई न बोलता ते फडक्याने अडवत होती. त्या कडेला ग्रॅनाईटची अर्ध्या इंचाची पट्टी बसवून घेतली. आता अशी पायरी असलेलं कुठलंही काम असलं की मी ती पट्टी पहिल्याच स्केचमध्ये काढते.